आवाज आला की बटण दाबा

वाशीला, सेक्टर नऊमध्ये, काचेच्या खोलीत
मी रोज माणसांच्या कानांवर हेडफोन चढवते.
आवाज आला की बटण दाबा, म्हणते,
कितीही बारीक असला तरी.
काही जण नुसते भिडेखातर दाबतात.
मी आवाज सोडलेलाच नसतो.
ते मी कागदावर धरत नाही.

बाबांचा आलेख मीच काढला होता,
उजवीकडे उतरत जाणारा, दिवाळ्याच्या जेट्टीच्या पायऱ्यांसारखा,
शेवटच्या चार कायम पाण्याखाली.
पावणे एमआयडीसीत प्रेस मशीनवर सव्वीस वर्षं.
त्याआधी, गावात सांगतात,
हासुराम वल्हं पाण्यात उभं धरायचा,
वरचं टोक कानामागच्या हाडाला,
आणि होडीतल्या बाकीच्यांना हातानेच गप्प करायचा.
घोळींचा घोळका कुठल्या अंगाला कुरकुरतोय
ते त्याला कळायचं.

जिताडा मात्र बोलत नाही.
पुलाच्या खांबाला टेकून उभा राहतो
आणि भरती जे आणेल ते गिळतो.

म्हणून यंदा बोनसमधून सोनार घेतला.
तळहाताएवढा पडदा, एक बॅटरी,
आणि होडीच्या बुडाला लोंबणारं, साबणाच्या वडीएवढं यंत्र.
दुकानदार म्हणाला, ताई, तलावात चालतो, धरणात चालतो,
खाडीचं सांगता येत नाही. गाळ फार.
गाळाचं मला नका सांगू, मी म्हटलं.

पहाटे पावणेसहा. भांगाचं पाणी, ओढ कमी.
पलीकडे टॉवरचे दिवे, पुलावरून एक टँकर.
यंत्र टिकटिकत तळ रंगवत होतं :
पिवळा, मग मातकट, मग काहीच नाही.
मधेच एक कमान,
कुणी भुवई उंचवावी तशी.
मी बाबांच्या खांद्यावर थोपटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं.
"जितारा नाय तो. मिठागराची जुनी उघाडी, तिचा दगर."
पुढची कमान?
"पायपाचा तुकरा. सिडकोचा."
तिच्या पुढची?
"तो मासा हाय. पन शिंगाला."

जरा वेळाने म्हणाले, ह्यो वाजतो का गो?
मी मान हलवली. वाजतो.
त्यांनी कान पुढे केला, थांबले,
आणि हसले, भिडेखातर.
मी यंत्राचा आवाज बंद केला.
आता दोघांना सारखंच ऐकू येत होतं.

मग त्यांनी वल्हं उभं धरलं.
वरचं टोक कानामागच्या हाडाला.
ह्यातलं शास्त्र मला येतं. त्याच्यावर माझं पोट आहे.
हाडातून आवाज आत जातो, खरं आहे,
पण जिथे पोचायचा तिथलीच नस गेलेली.
पत्ता बरोबर, घर बंद.
बाबांनी डोळे मिटले.
पडदा मातकट, मग काहीच नाही.
आणि त्यांचं बोट वर गेलं.

मी आवाज सोडला नव्हता.

तरी गरीला जिवंत कोळंबी लावली,
आणि वल्ह्याच्या अंगाला टाकली.
दोनदा जशीच्या तशी परत आली.
तिसऱ्यांदा कोळंबी तेवढी गेली,
गरी लख्ख, घासून ठेवल्यासारखी.
कुर्ली असेल, मी म्हटलं, ओठ नीट हलवत.
बाबांचे डोळे मिटलेलेच.

ऊन चढलं, तसा पडद्यावर
माझाच चेहरा दिसायला लागला.
बोट अजून वर होतं.
डब्यात सात कोळंब्या वळवळत होत्या.
मी एक काढली.